पाटे काढून मिळतील का?

सेकंडहँड गाडी पुढून बघावी, बाजूने बघावी की खाली झोपून बघावी, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मी मागून बघितली, कारण विकणाऱ्याने तसं सांगितलं.

"मागून बघा शेठ," तो म्हणाला, "कशी ताठ उभी आहे!"

ताठ होती खरी. इतकी ताठ, की पुढचं तोंड रस्त्यावर पडलेली सुई शोधतंय आणि मागची बाजू केडगावच्या देवीच्या कळसाचं दर्शन घेतेय, असं वाटावं. बैलगाडी मागून जड झाली की जुनी माणसं तिला 'उलाळ' म्हणत आणि पुढून जड झाली की 'धुरजड'. ही पिकअप रिकामी असतानाच धुरजड होती. पण ताठ कण्याबद्दल आपल्याकडे लहानपणापासून इतकं चांगलं ऐकवलेलं असतं, की मी त्यातच गुण बघितला.

"एकेका बाजूला तीन-तीन पाटे जादा टाकलेत," त्याने आवाज खाली आणून सांगितलं, जणू मुलीच्या अंगावरचे दागिने मोजून दाखवतोय. "नेप्तीच्या मार्केटला कांदा नेत होतो. कितीबी भरा, गाडी बसणार नाही."

हे वाक्य मी कौतुकाने ऐकलं. 'कितीबी भरा' हे माझ्यासाठी नव्हतंच, हे कळायला आठ दिवस लागले.

कारण माझं दुकान काचेचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावर टाकायच्या काचा. पाच एमएमची, आठ बाय चार फुटांची एक काच साधारण सदतीस किलो भरते. डझनभर काचा, लाकडी चौकट, मी आणि मदतनीस पोरगा असे सगळे चढलो तरी जेमतेम सहाशे किलो होतात. दोन टन कांद्यावर पोसलेले पाटे या सहाशे किलोंना ओळखसुद्धा देईनात.

ज्यांनी पाटे बघितले नसतील त्यांनी कुठल्याही पिकअपच्या मागच्या चाकाशी वाकावं. पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकाखाली एक बांधलेल्या दिसतील. सगळ्यांत लांब वर, मग खाली एकेक आखूड होत गेलेली, उलटी धरलेली उतरंडच. खड्डा आला की या पट्ट्या वाकतात, म्हणून वर बसलेला माणूस वाकत नाही. पूर्वी टांग्याला असायचे तेच हे, फक्त घोडा गेला. पाटे जास्त झाले की ते वाकायचं सोडून देतात, आणि मग खड्डा आला की अख्खी गाडी उडते. स्पीडब्रेकरवर माझी पिकअप मागचे दोन्ही पाय झाडायची. पहिल्याच आठवड्यात एका ब्यूटी पार्लरचा आरसा भूषणनगरच्या वळणावर फुटला. दुसरा नेला, तो त्याच वळणावर फुटला. तिसरा मी मांडीवर घेऊन बसलो आणि गाडी पोराला चालवायला दिली. आरसा वाचला, पण त्यात रस्ताभर स्वतःचा चेहरा बघावा लागला.

दुसरी भानगड वासाची. पाच-सहा वर्षं कांदा वाहिलेल्या हौद्याला कितीही धुतलं तरी वास जात नाही. काच उतरवायला गिऱ्हाईक पुढे आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी. एरवी ते बिल बघितल्यावर यायचं.

"अहो, ती गाडी जरा खाली घ्या ना," सौ. म्हणाली. "चार माणसं लागतात एक काच वर चढवायला."

इथून पुढचं सगळं त्या 'जरा'मुळे घडलं.

घरात मी फोनवर कुणाला तरी म्हणत होतो, "पाटे काढायचेत, कुठे काढून मिळतील?" आत देवासमोर बसलेल्या आईच्या कानावर ते गेलं. जप थांबला.

"माझा पाटा कुठं नेतोस?"

"आई, तुझा नाही. गाडीचा."

"गाडीत पाटा कशाला नेतोस? आणि काढायचा काय त्यात? टाकी लावून आण. मिक्सर आल्यापासून गुळगुळीत झालाय."

शेवटी आईचा पाटाही टाकी लावायच्या कामांत धरला गेला. एकूण सात पाटे झाले.

गाडीचा मागचा भाग खाली आणायचा, यावर केडगावात एकाही माणसाला मत नाही असं झालं नाही. दाढी करताना, पीठ दळताना, दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना सल्ले मिळाले. सगळ्यांत साधा सल्ला शेजाऱ्यांचा: "वजन ठेवा हो कायमचं मागे." हे मला पटलं, कारण यात खर्च नव्हता. मी वाळूच्या आठ गोण्या भरून हौद्यात मागच्या फळीला लावून ठेवल्या. गाडी दीड बोट बसली. मी खूश. पंधरा दिवसांत डिझेलचा हिशेब केला तर गाडी रोज तीन-साडेतीनशे किलो वाळूला केडगाव ते नगर फिरवून आणत होती, ते कळलं. त्याच्या आतच एका सकाळी आठपैकी पाच गोण्या गायब. शेजारी हौद्यात दोन नवे आरसे उघडे होते, त्यांना चोराने हात लावला नव्हता. नगर जिल्ह्यात वाळू उघड्यावर ठेवून आरशाची काळजी करणारा मी बहुधा शेवटचा माणूस. दुसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ दुकानात येऊन, इकडेतिकडे बघून म्हणाले, "ब्रास काय भावानं देता?"

मग भाचा आला. तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं, फक्त हात काळे करायची सवय नाही.

"मामा, लो करायची? सॉलिड!"

त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप दाखवल्या. एकेकीचं पोट रस्त्याला टेकलेलं, खालून ठिणग्या उडताहेत आणि आत बसलेला माणूस सुखात. तिकडे लोक गाड्या इतक्या खाली आणायला लागले, की १९५८ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने कायदा केला: चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये. मग पुढच्याच वर्षी एका गड्याने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवला. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की खाली. हे ऐकून मला अमेरिकेबद्दल प्रथमच जिव्हाळा वाटला. इतका जुगाड करणारी माणसं परकी कशी असतील?

"तसं नको," मी म्हणालो. "मला आरसे न्यायचेत."

"मग ब्लॉक टाकू. लोखंडी ठोकळे असतात. 'लोअरिंग ब्लॉक' म्हणतात त्यांना."

त्याने ते मागवले. पत्त्यात फक्त 'केडगाव' लिहिलं. आता महाराष्ट्रात केडगाव म्हटलं की दोन निघतात. एक आमचं, रेणुकामातेचं. दुसरं पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. त्याला स्वतःचं रेल्वे स्टेशनही आहे. ठोकळे तिकडे गेले. पार्सलवाल्याचा फोन आला.

"स्टेशनपाशी उभा आहे. कुठं यायचं?"

"देवीच्या रस्त्याने आत या."

"कुठली देवी?"

अर्धा तास आम्ही एकमेकांना आपापल्या केडगावात फिरवत राहिलो. मी त्याला पेट्रोल पंप ओलांडायला लावला, त्याने ओलांडला. दोन्ही केडगावांत पेट्रोल पंप आहेत, हे संकट. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दिसत का नाही?" तेव्हा पिनकोड निघाला. ठोकळे आणायला भाचा एसटीने गेला आणि आल्यावर जेवणाचे पैसे वेगळे मागितले.

ठोकळे घेऊन आम्ही पुणे रस्त्यावरच्या पाटेवाल्यांकडे गेलो. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. पाटी मोठी होती: 'सर्व प्रकारचे कमानपाटे बसवून मिळतील.' काढून मिळतील, असं कुठेच नव्हतं, तिथेच मी ओळखायला हवं होतं.

"किती टाकायचे?" वस्तादांनी मान वर न करता विचारलं.

"टाकायचे नाहीत. काढायचेत."

हातोडा थांबला. "तुटलेत?"

"नाही."

"गाडी विकायची?"

"नाही."

"फायनान्सवाल्यांनी ओढली का?"

"नाही हो. गाडी मागून खाली घ्यायचीय."

वस्तादांनी पोराला हाक मारली, "दोन चहा सांग रे." हा चहा पाहुणचाराचा नव्हता. डोक्याने हललेल्या माणसाशी आधी गोडीने बोलून बघावं, या समजुतीचा होता.

"बावीस वर्षं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "सकाळी शटर उघडलं की रांग. समद्यांचं एकच: वर घ्या, वर घ्या. कांदावाला, ऊसवाला, खडीवाला, दूधवाला. खाली घ्या म्हणून आलेले तुम्ही पहिले."

रांगेतले चार ड्रायव्हर जवळ सरकले. त्यांच्या गाड्याही मागून आभाळाला टेकलेल्या. त्यातला एक कळवळून म्हणाला, "शेठ, दोन टन माल टाका ना. आपोआप बसती."

"माझा माल काच आहे. पाच-सहाशे किलो होतो कसाबसा."

त्याने विचार केला. "मग धंदा बदला."

भाच्याने तेवढ्यात ठोकळे पुढे केले. वस्तादांनी एक हातात घेतला, वजन केलं, गाडीखाली वाकून बघितलं, परत ठोकळा बघितला. "हा मधी घालायचा?"

"हो. पाटा आणि ॲक्सलच्या मधे. चार इंच फरक पडतो."

"पडतो. गाडी चार इंच अजून वर जाती."

शांतता पसरली. मग वस्तादांनी समजावलं. ज्या गाडीत पाटा ॲक्सलच्या खालून जातो, तिच्यात मधे ठोकळा घातला की गाडी खाली येते. आमच्या गाडीत पाटा वर आणि ॲक्सल खाली. मधे काहीही घाला, गाडी वरच जाणार. डब्यावर इंग्रजीत काय छापलंय याची ॲक्सलला फिकीर नसते. ते ठोकळे सध्या दुकानात काचा टेकवायला वापरतो. चांगले आहेत.

शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे. तिथला तरुण मघापासून ऐकत होता. "कशाला काढाकाढी? पाटे गाडीलाच ठेवून गॅसनं लाल करतो, वरनं वजन देतो, कमान सरळ. अर्ध्या तासात बसवून देतो गाडी. दोनशे रुपये." माझा हात खिशाकडे गेला. 'दोनशे' आणि 'अर्धा तास' हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझी विवेकबुद्धी नेहमीच थोडी बाहेर जाऊन येते.

वस्ताद मात्र भडकले. "पाट्याला पाणी दिलेलं असतंय. तापवला की पाणी उतरलं. मग तो पाटा नाही, नुसती पट्टी. आज वाकली ती वाकली, परत उठणार नाही. आणि एक दिवस पुणे रोडला धावत्या गाडीत मोडणार." कोयता तापला की धार जाते, हे ऊसतोडीच्या मुलखातल्या पोरालाही ठाऊक असतं, गाडीच्या बाबतीत मात्र आपण ते विसरायला एका पायावर तयार.

ठरलं असं, की जादाचे तीन-तीन पाटे काढायचे आणि कंपनीचे आहेत तसे ठेवायचे. भाच्याला अजून दोन काढून हवे होते. वस्ताद म्हणाले, "कंपनीचा एक जरी काढायचा असंल तर दुसरीकडं जा." इथे मी माझ्या बाजूने एक शास्त्रीय सूचना केली: मी स्वतः उजवीकडे बसतो, माझं वजन ब्याण्णव किलो; तेव्हा उजवीकडचा एक जादा पाटा ठेवला तर मजुरी वाचेल आणि गाडीही सरळ राहील. वस्तादांनी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे बघितलं. रांगेतला ड्रायव्हर म्हणाला, "आणि शेठ आजारी पडले तर?"

शुक्रवार ठरला. केडगावच्या देवीला मंगळवारी-शुक्रवारी गर्दी असते, म्हणून रस्त्यावर बघे कमी राहतील असा माझा अंदाज होता. तो पूर्ण चुकला. दर्शनाहून परत जाणारे सगळे आधी वस्तादांच्या दुकानाशी थांबत होते.

त्यात आमच्या गल्लीतले सुभेदारसाहेब आले. आयुष्य रणगाड्यांत गेलेलं. नगर हे रणगाड्यांचंच गाव, १९९४ पासून इथे त्यांचं संग्रहालयदेखील आहे. निवृत्त रणगाडेही इथेच, निवृत्त सुभेदारही इथेच. त्यांनी दोन्ही हात मागे बांधून गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"रणगाड्याला पाटे नसतात," ते म्हणाले. "टॉर्शन बार. पोलादी दांडे. त्यांना पीळ बसतो. चाळीस-पन्नास टन तोलतात."

"साहेब, ही गाडी..."

"ठाऊक आहे. काच. उटी कुठे आहे?"

"हँडब्रेक ओढलाय," मी अभिमानाने म्हणालो.

"हँडब्रेक कुठल्या चाकांना असतो?"

"मागच्या."

"आणि वर कुठली चाकं उचलणार?"

मी गप्प. मागची दोन्ही चाकं हवेत गेल्यावर हँडब्रेक फक्त हवा धरून ठेवतो, हे माझ्या पंधरा वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये मला कधी सुचलं नव्हतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उट्या लागल्या. मग वस्तादांनी जॅकने मागची बाजू उचलली, चॅसीखाली दोन भक्कम लोखंडी घोड्या सरकवल्या, गाडी त्यांच्यावर बसवली आणि ढकलून बघितली. त्यांचा एक नियम आहे: जॅकवर उभ्या गाडीखाली फक्त जॅक जातो, माणूस नाही. भाच्याने बूट गाडीखाली सरकवला होता, तो सुभेदारसाहेबांनी छडीने बाहेर काढला. बुटात पाय होता.

मग यू-बोल्ट. पाट्यांची आख्खी जुडी ॲक्सलला आवळून धरतात ते हे. सहा वर्षांच्या कांद्याने आणि पावसाने ते इतके गंजले होते, की नट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळेना. डिझेल टाकून तासभर भिजवले. पान्याला चार फुटी पाइप लावला. वस्ताद, त्यांचा पोरगा आणि तो 'धंदा बदला'वाला ड्रायव्हर असे तिघे लोंबकळले. माझं काम बॅटरी धरायचं होतं. सगळ्यांत महत्त्वाच्या क्षणी मी नेमका खड्ड्यात बॅटरी पाडली. ती पडली तेव्हा वस्तादांनी जे शब्द वापरले ते देवीच्या वारी एरवी वापरत नाहीत.

एक बोल्ट निघाला, तीन तुटले.

"निघाला तो परत बसवू," मी म्हणालो. "चांगला दिसतोय की."

"शेठ," वस्ताद शांतपणे म्हणाले, "ताणलेला बोल्ट परत लावत नाहीत. तडा गेलेली काच तुम्ही परत विकता का?"

मी बॅटरी दुसरीकडे फिरवली. तडा गेलेल्या काचेतून फोटो फ्रेमचे चांगले आठ तुकडे निघतात, हे सगळ्यांसमोर कशाला सांगा?

जुडीच्या मधोमध एक बोल्ट असतो, सगळ्या पाट्यांना एकत्र टोचून धरणारा. तो सरळ सोडला तर पाटे सुटून उसळतात, म्हणून वस्तादांनी आधी दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळले, मग बोल्ट सोडला, मग शिकंजे अर्धा अर्धा फेरा ढिले केले. पाटे करकर करत अलगद मोकळे झाले. एकत्र कुटुंबातली वाटणी इतक्या सावकाशीने होताना मी कधी बघितली नव्हती. जादाचे तीन बाहेर आले. दुसऱ्या बाजूचे तीन आले. उरलेल्यांना ब्रश, ग्रीस, नवा मधला बोल्ट, नवे यू-बोल्ट. गाडी चाकांवर उतरवून, वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचं आवळणं, तेही समोरासमोरचे नट आळीपाळीने. "पाचशे किलोमीटर झाले की परत या, पुन्हा आवळायचे," वस्ताद म्हणाले. "येत नाही कुणीच."

पण घोडं अडलं ते निघता निघता. मागच्या ॲक्सलपाशी एक बारीक सळई होती, तारेने करकचून बांधलेली. वस्तादांनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा एक व्हॉल्व्ह या सळईवर चालतो. गाडी किती खाली बसली यावरून तो ठरवतो की माल किती आहे, आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला जोर देतो. पाटे वाढवून गाडी आभाळात नेली की व्हॉल्व्हला वाटतं, गाडी कायम रिकामीच, आणि तो मागचा ब्रेक बेताचाच देतो. आधीच्या मालकाने त्यावर तोडगा म्हणून सळई तारेने बांधून टाकली होती: तू समज, गाडी कायम भरलेली. रिकाम्या गाडीला भरल्या गाडीचा ब्रेक लागला की मागची चाकं आधी अडकतात आणि पावसाळ्यात गाडी आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. माझी दोनदा राहिली होती. मी ते रस्त्यावर ढकललं होतं. तार कापली, सळई मापाने बसवली.

संध्याकाळी गाडी रस्त्यावर आली. सपाट. नाकासमोर बघणारी. मी तिच्याभोवती फिरलो, मला गहिवरून आलं. नंतर कळलं, तो हौद्यातला कांदा होता.

रात्री पहिली डिलिव्हरी. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मारून, हॉर्न वाजवून, खिडकीतून हात काढून काहीतरी सांगत होता. मला वाटलं, बातमी पसरली, अभिनंदन करताहेत. एकाने गाडी आडवी घालून घसा ताणला तेव्हा उलगडा झाला. गाडी मागून वर होती तेव्हा तिचे हेडलाइट समोरच्या चार फूट डांबरावर पडत, म्हणून आधीच्या मालकाने स्क्रू पिळून ते वर केले होते. आता मागची बाजू खाली आली आणि दिवे चिंचेच्या शेंड्यावर. त्या रात्री पुणे रस्त्यावरची वटवाघळं मी एकेक बघितली. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर गाडी लावून दिवे खाली घेतले.

आरसे मात्र फुटायचे थांबले. भूषणनगरच्या वळणावर मी मुद्दाम तीनदा गेलो.

आता खरा ताप सुरू झाला. केडगावात सपाट पिकअप कुणी बघितलेलीच नाही. जो तो थांबवून विचारी.

"पाटा मोडला का ओ?"

"नाही, काढला."

"मग कधी टाकणार?"

किराणावाल्याने उधारीच्या वहीत माझं पान काढून बघितलं. मेव्हण्याने सौ.ला फोन करून खासगीत विचारलं, "दाजींचं काही अडचणीत चाललंय का? गाडी बसलेली दिसली."

सगळ्यांत वाईट प्रसंग बायपासवर. वाहतूक पोलिसाने हात केला. आजूबाजूने मागून ताठ उभ्या पिकअपची वरात चालली होती, कांद्याच्या गोण्या केबिनच्या वर हातभर. त्यातली एकही खाली बसलेली दिसत नव्हती, म्हणून एकीवरही संशय नव्हता. माझीच एक तिच्या जागी बसलेली.

"काय भरलंय?"

"चार काचा."

"चार काचांनी गाडी एवढी बसती का? ओव्हरलोडला वीस हजार आहेत, आणि वर टनाला दोन हजार."

मी ताडपत्री काढली. चार काचा. त्याने काचांतून पलीकडे बघितलं. पलीकडे मी दिसलो.

"मग गाडी खाली का?"

"साहेब, कंपनीची उंची हीच आहे."

"मग बाकीच्यांच्या वर का?"

याचं उत्तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, हे सुभेदारसाहेबांनी मला पाठ करून दिलं होतं: गाडीत कंपनीच्या मापांहून फेरफार करता येत नाही, आणि मालकाने केलाच तर त्याच कायद्याने दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. पण सहा पाटे म्हणजे सहा फेरफार, की मिळून एक, की काढले तो सातवा, याचा हिशेब माझ्या तोंडावर आला आणि मी तो गिळला. देशातल्या गाड्या रस्त्यावर येण्याआधी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, आमच्या नगरलाच आहे. तिथे जी उंची बरोबर ठरते ती घेऊन बायपासवर उभं राहिलं की असं होतं. आरसीची प्रत, विम्याचा कागद, पीयूसी आणि चारही काचा दाखवून मी सुटलो. जाताना तो आपुलकीने म्हणाला, "दोन पाटे टाकून घ्या ओ. थांबवणार नाही कुणी."

काढलेले सहा पाटे मी घरी आणले होते. मजुरी दिल्यावर भंगार वस्तादांकडे सोडणं माझ्या स्वभावात नाही. एक आईने दाराला अडसर म्हणून लावला. एक लोहाराने मागितला; पाट्याच्या पोलादाचा कोयता भारी होतो, असं तो म्हणाला. मी भाव वाढवतोय असं वाटून तो परत आला नाही. बाकीचे दुकानाबाहेर ठेवले होते; सुभेदारसाहेब रोज येऊन ते मोजून जात.

महिन्याभराने दुकानासमोर एक पिकअप थांबली. आतून उतरलेले बागायतदार काका आधी पाट्यांपाशी गेले, मग माझ्याकडे आले.

"विकायचेत का? या सालाला कांदा चांगलाय. अडीच टन घालीन म्हणतो."

"काका, दीड टनाची गाडी आहे तुमची."

"कागदावर," ते म्हणाले.

घासाघीस झाली. दाराच्या अडसरासकट सहाही पाटे गेले, ते थेट वस्तादांकडे. तिसऱ्या दिवशी काका परत आले. गाडी मागून अशी उभी होती, की मी खुर्चीत बसल्या बसल्या तिचं खालचं सगळं यंत्र वाचू शकत होतो. वस्तादांचे नवे यू-बोल्ट चमकत होते. काकांनी लेकीच्या लग्नातल्या रुखवतासाठी सहा बाय चारचा बेल्जियम आरसा पसंत केला, पैसे मोजले, माझ्या पोराने आरसा गोणपाटात गुंडाळला आणि त्यांच्या गाडीकडे न्यायला उचलला.

"अय, तिकडं कुठं?" काका ओरडले. मग माझ्याजवळ येऊन, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच म्हणाले, "शेठ, तुमच्याच गाडीतून पाठवा घरी. माझ्या गाडीत फुटंल."